तर्रीत काय उतरतं?

बाजाराच्या दिवशी वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारात मासळी घ्यायची तर आधी भाजी, मिरची आणि प्लास्टिकच्या बादल्यांची दुकानं ओलांडावी लागतात. मग ओल्या गोणपाटावर मांडलेले रोहू-कटला दिसतात, आणि पायाखाली विळा दाबून बसलेली बाई. वजन झालं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "डोक्सं ठिवू का काढू, भाऊ?" तुम्ही उत्तर देईपर्यंत खवले उडालेले असतात. पोटाला चीर पडते, आतडी बाजूच्या डब्यात जातात, आणि लालभडक कल्ले दोन बोटांनी उपसून निघतात. दोन मिनिटांचं काम. माशातून अंगात जाऊ शकणाऱ्या रसायनांबद्दल जगभर जे काही संशोधन झालं आहे, ते चाळल्यावर माझं मत असं झालं की या दोन मिनिटांत जेवढं विष बाहेर पडतं, तेवढं पुढच्या तासाभराच्या चुलीवर पडत नाही.

आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. 'शिजलं की सगळं मरतं' हे घरोघरचं शास्त्र. जंतूंच्या बाबतीत ते खरंही आहे. पण शिसं कधी जिवंतच नसतं, ते मरणार कसं? हळद-मीठ चोळून ठेवल्याने, चिंचेचं पाणी लावल्याने वरचा बुळबुळीतपणा आणि उग्र वास जातो. स्नायूत मुरलेलं जे असतं, त्याला हळदीचा पत्ताही लागत नाही.

आधी पाण्याकडे पाहू. वाशीम जिल्ह्यात अडाण, सोनल, एकबुर्जी असे मध्यम प्रकल्प आहेत, शिवाय लहान-मोठे पाझर तलाव आणि आता शेततळी. भोवताली सोयाबीन, तूर, कपाशी. फवारणीचा हंगाम जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाचा. शेतातलं पाणी नाल्यात, नाला तलावात. मासे मात्र याच्याही आधी हलतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की धरणातले मासे नाल्यातून वर चढू लागतात, आणि चढणीचे मासे धरायला अख्खं गाव कंदील-बॅटऱ्या घेऊन नाल्यावर उतरतं. गाबोळीने पोट टम्म फुगलेला तो मासा वर्षातला सगळ्यांत चविष्ट, असं इथे कुणीही सांगेल. वर्षभर शेतात साचलेलं काय-काय घेऊन येणारं पहिलं गढूळ पाणीही तेच. तणनाशकाचा उरलेला अंश, गेल्या हंगामातल्या मातीला चिकटलेली कीटकनाशकं, गोठ्यातलं, रस्त्यावरचं तेल. मासा त्या लोंढ्याच्या उलट दिशेने पोहत येतो.

शेतीच्या औषधांचे माशाच्या दृष्टीने दोन वंश आहेत, आणि त्यांचा घोळ घातला की सगळी चर्चा भरकटते. जुना वंश टिकाऊ: डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान. बीएचसी पावडर फडक्यात बांधून पिकावर झटकलेली आठवणारी माणसं अजून गावोगाव आहेत. ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, तिथून मोठ्यात, अशी ती साठत जातात आणि प्रत्येक पायरीवर दाट होतात. शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी थांबवलं. वापर थांबला तरी तळाच्या गाळातून ती एका वर्षात जात नाहीत.

नवा वंश वेगळा. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट मंडळी, आणि सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड. ती तुलनेने लवकर विघटित होतात, माशात वर्षानुवर्षं साठत नाहीत, उष्णतेनेही त्यांचा बराच भाग मोडतो. पण ती जिथे पडतात तिथे तात्काळ मारतात. २०१७ च्या फवारणी हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो रुग्णालयात होते. माणूस पाठीवर पंप घेऊन मेला, तर पाण्यातल्या माशाचं काय? सायपरमेथ्रिन लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही माशाला जीवघेणं ठरतं, कारण हे द्रव्य मोडून टाकण्याची सस्तन प्राण्यांकडे असलेली ताकद माशांकडे जवळजवळ नाही.

म्हणून या वंशाचा धोका ताटात येतो तो एका खास मार्गाने: मेलेला मासा. फवारणीचा पंप नाल्यावर धुतला, खाली डोहात मासे उलटे तरंगले, कुणीतरी ते गोळा केले आणि संध्याकाळी ते शिजले. त्याहून वाईट म्हणजे मासे धरण्यासाठी मुद्दामच डोहात औषध ओतणं. हे होतं, आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. १८९७ च्या भारतीय मासेमारी कायद्यातही पाण्यात विष कालवून मासे मारणं हा गुन्हा होता, म्हणजे खोड जुनी आहे. पूर्वीचं विष मात्र निराळं. गेळफळ किंवा हिंगणबेटाची फळं ठेचून डोहात टाकत. त्यातलं सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांवर काम करून त्याला गुंगी आणतं, आणि माणसाच्या आतड्यातून ते फारसं शोषलंच जात नाही. आजोबांनी हिंगणबेटाने धरलेला मासा खाल्ला आणि काही झालं नाही, म्हणून नातवाने कीटकनाशकाने धरलेला खावा, हा हिशेब जमत नाही. असा मासा कितीही उकळला तरी भरवशाचा नाही. आतडी आणि कल्ले यांत औषध थेट असतं, आणि किती होतं ते कुणालाच माहीत नसतं.

आता चुलीकडे. चरबीत राहणाऱ्या जुन्या वंशाबद्दल सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेच्या ग्रेट लेक्समधल्या माशांवर झाला. तिथे प्रश्न डीडीटीबरोबर पीसीबी या औद्योगिक तेलांचाही होता. तिथला सल्ला ठरून गेला आहे: कातडी काढा, पोटाकडची आणि पाठीवरची चरबीची पट्टी कापा, जाळीवर भाजा म्हणजे चरबी गळून जाईल, आणि गळलेली चरबी फेकून द्या. एवढं केल्याने या द्रव्यांचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग कमी होतो. माशाची जात आणि चरबी यांनुसार आकडा हलतो, पण दिशा सगळीकडे तीच.

हा सल्ला वऱ्हाडात आणला की मोठी पंचाईत होते. आपण मासा कातडीसकट शिजवतो. डोकं तर खास ठेवून घेतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, लाल तिखट यांचं वाटण तेलात परतून पाणी सोडतो आणि मासा त्यातच रटरटू देतो. गळायला जाळी नाही, फेकायला काही नाही. माशाची चरबी वितळते ती रश्श्यात, आणि तिथून वर येते ती तर्रीत. ज्या तर्रीचा लाल थर बघून पाहुणा बोटं चाटतो, तिच्यावरच चरबीत विरघळणारं सगळं तरंगतं. 'गळलेलं फेकून द्या' हे वऱ्हाडी माणसाला सांगणं म्हणजे तर्री ओतून द्या असं सांगणं. कोण ऐकणार? मी तरी ओतत नाही. पण इथे दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. एक, तो अमेरिकी सल्ला लेक ट्राउटसारख्या तेलकट माशासाठी आहे; आपला रोहू-मृगळ त्यामानाने कोरडा, चरबी दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. दोन, तर्रीतलं बहुतेक तेल आपण डब्यातून घातलेलं असतं. चरबी एकवटते ती पोटाच्या पातळ पेटीत, डोक्यात आणि गाबोळीत. म्हणजे चढणीच्या माशाचा जो भाग सगळ्यांत लाडका, तोच या बाबतीत सगळ्यांत जड. मोठ्या कटल्याच्या पोटातली पिवळट चरबी विळ्याने खरवडून टाकायला मात्र काहीच लागत नाही, आणि चवीत फरकही पडत नाही.

पारा या सगळ्याला अपवाद आहे. त्याच्याबद्दल जो घरगुती सल्ला दिला जातो तो हमखास चुकीचा असतो. कोळसा जळतो तेव्हा त्यातला पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. विदर्भात कोळशावरच्या विजेची वाण नाही: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा, आणि आपल्या जवळचं अकोला जिल्ह्यातलं पारस. तळाच्या गाळातले जिवाणू या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो अन्नसाखळीतून चढत जातो. जपानमधल्या मिनामाताची पाऱ्याची विषबाधा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली मासळी समुद्राच्या उपसागरातली होती. पण १९६५ मध्ये जपानच्याच निगाता प्रांतात अगानो नदीकाठच्या लोकांना तोच आजार झाला. तिथे मासे गोड्या पाण्याचे होते. वर कारखाना, खाली नदी, आणि नदीवर जगणारी माणसं.

मिथाइल पारा चरबीत नसतो. तो स्नायूतल्या प्रथिनाला, त्यातल्या गंधकाच्या टोकाला घट्ट धरून बसतो. कातडी काढा, चरबी कापा, जाळीवर भाजा, तो जागचा हलत नाही. उलट, तळताना माशातलं पाणी उडतं आणि पारा मागे राहतो. शंभर ग्रॅमच्या तुकड्यात दहा मायक्रोग्रॅम पारा असेल आणि तळून तुकडा सत्तर ग्रॅमचा झाला, तर पारा दहाच राहतो, पण ग्रॅममागचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं. अमेरिकेत बास माशांवर खोल तेलात तळून नेमकं हेच मोजलं गेलं आहे. म्हणून 'तळलेल्या माशात पारा जास्त' ही बातमी खरी असूनही दिशाभूल करते. खाल्लेल्या तुकड्यामागे पारा तेवढाच. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या २०११ च्या एका अभ्यासात गमतीचा भाग आहे. मासा उकळला किंवा तळला की त्यातला पारा पचनरसात सुटण्याचं प्रमाण घटतं, आणि सोबत काळा चहा किंवा कॉफी असेल तर आणखी घटतं, असं प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनात दिसलं. काचेच्या नळीतली ही गोष्ट. तिच्या भरवशावर जेवणानंतरच्या चहाला औषध म्हणू नये.

मग किती खावा? अन्नातल्या मिथाइल पाऱ्याची सुरक्षित मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवली: शरीराच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला आठवड्याला ९६. बहुतेक देशांत सर्वसाधारण माशासाठी पाऱ्याची कायदेशीर कमाल किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्या काठावरचा मासा असेल, तर आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आतच मर्यादा भरते. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पारा असलेला मासा मात्र जवळपास दोन किलो खाता येतो. म्हणून कोणता मासा हा प्रश्न कसा शिजवला यापेक्षा मोठा. रोहू, मृगळ, गवत्या हे शेवाळ, गाळ, गवतावर जगणारे. बोटुकली सोडल्यापासून वर्ष-दीड वर्षात काढले जातात, त्यामुळे पारा साठायला वेळच मिळत नाही. मरळ शिकारी. इतर मासे, बेडकं खाऊन वाढणारी, म्हणून साखळीत वरच्या पायरीवर.

आणि आजारातून उठलेल्या माणसाला आपण काय देतो? मरळ. बाजारात सगळ्यांत महाग, पाण्याच्या टबात जिवंत ठेवलेली. मृगाच्या दिवशी हैदराबादला नामपल्लीच्या मैदानावर दम्यासाठी मरळीचं जिवंत पिल्लू औषधासकट गिळायला आपल्या भागातूनही माणसं जातात. तिथे तर सुरी नाही, चूल नाही, काहीच नाही. सुदैवाने पिल्लू बोटाएवढं असतं. त्याच्या वयात पारा साठलेला नसतो. जिवंत मासा घशातून जाण्यातले बाकीचे धोके वेगळे. बाळंतिणीला, गरोदर बाईला मरळीऐवजी मध्यम आकाराचा रोहू दिला तर प्रथिनं तीच मिळतात, आणि गर्भाच्या मेंदूला ज्याची भीती तो पारा कमी.

शिसं आणि कॅडमियम तिसऱ्याच जागी बसतात. शिसं हाडं, खवले, कल्ले यांत. कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंडात. मांसात ती कमी असतात. म्हणजे बाजारातल्या त्या बाईचा विळा इथे खरा डॉक्टर. डोकं ठेवायचं असेल तर ठेवा, पण कल्ले पूर्ण काढून घ्या. गाळ, धातू, औषध, पाण्यातलं जे-जे असेल ते आधी तिथून जातं. शिंगाळ्यावर, मरळीवर चुलीतली राख चोळून बुळबुळ काढायची जी रीत आहे, ती नुसती पकड यावी म्हणून असेलही. पण माशाचा चिकट थर धातू धरून ठेवतो, त्यामुळे तो निघालेलाच बरा. गोड्या पाण्यातले झिंगे आणि बोटाएवढी मासळी सगळीच्या सगळी चावून खाल्ली जाते. तिथे काढायला काही उरत नाही. त्यातून कॅल्शियमही मिळतं. अशी मासळी कुठल्या नाल्यातली, एवढं मात्र पाहावं. वस्तीचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी मिसळणाऱ्या नाल्यातली नसावी.

बाहेरून थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर येणाऱ्या माशाची कथा निराळी. तिथे रसायन पाण्यातून नाही, माणसाच्या हातून येतं. जुलै २०१८ मध्ये गोव्यात परराज्यातल्या माशांत फॉर्मालिन असल्यावरून गदारोळ झाला आणि सरकारने काही दिवस माशांची आयातच बंद केली. त्याच सुमारास केरळमध्ये 'ऑपरेशन सागर राणी' ही मासळी-तपासणीची मोहीम चालली, आणि कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं कागदी पट्टीचं किट सर्वांना माहीत झालं: पट्टी माशावर घासा, थेंब टाका, रंग बघा. फॉर्मालिन काही अंशी पाण्यात भिजवल्याने आणि उघड्या भांड्यात उकळल्याने जातं, पण प्रथिनाशी एकदा जुळलेलं निघत नाही. बुरशीसाठी तळ्यात वापरलं जाणारं मॅलॅकाइट ग्रीन बंद आहे. तरी कुणी वापरलंच, तर ते माशाच्या अंगात ल्यूकोमॅलॅकाइट बनून चरबीत बसतं आणि उकळीलाही दाद देत नाही. परदेशी मांगूर माशाच्या पैदाशीवर २००० पासून बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती पुन्हा बजावली. कत्तलखान्याचा कचरा खाऊन फुगणारा हा मासा स्वस्त आणि काटे कमी, म्हणून अजून चोरून विकला जातो. निर्यातीच्या कोळंबीसाठी देशात अवशेष तपासणीचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. युरोपच्या ताटातल्या कोळंबीवर जेवढ्या नजरा आहेत, त्यातली एखादी आपल्या गोणपाटावरच्या रोहूवर पडली असती तर बरं झालं असतं.

कढईही निर्दोष नाही. भंगार वितळवून केलेल्या हलक्या अॅल्युमिनियमच्या भांड्यात चिंच घातलेला रस्सा तासभर राहिला, तर आंबटपणा भांड्यातला धातू ओढून घेतो. त्यात शिसं असेल तर तेही. आणि हळद! पिवळा रंग खुलवायला हळकुंडांना लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगलादेशात २०१९ मध्ये उघड झाला. बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने दंड, छापे आणि जाहिराती यांचा धडाका लावला, आणि २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. माशातलं शिसं मोजत बसायचं आणि त्यावर अशी हळद भुरभुरायची, म्हणजे चोराला उंबऱ्यावर अडवून खिडकी उघडी ठेवण्यासारखं. आपल्या बाजूला हिंगोली-वसमतची हळद घरात येते. हळकुंड घेऊन स्वतः दळून आणणाऱ्या बायका याबाबत सगळ्यांच्या पुढे आहेत.

इतकं वाचून मासे बंद करायचे ठरवलं, तर ती चूक ठरेल. महाराष्ट्रात चार आकांक्षित जिल्हे, त्यातला एक वाशीम. इथल्या पोरांना प्रथिनं, बी-१२, लोह कमी पडतं. तलावातला मासा हा त्यांना परवडणारा थोडा मांसाहार. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये फायदा आणि धोका दोन्ही तराजूत घातले, तेव्हा पारडं मासे खाण्याकडेच झुकलं. गरोदर बायकांसाठीही, फक्त जात निवडून.

'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, आणि त्यातल्या काही तळ्यांत मासेही वाढले. विहिरीच्या पाण्याने भरलेलं, कागद अंथरलेलं तळं हे शेतातल्या वाहत्या पाण्यावर भरणाऱ्या तळ्यापेक्षा या बाबतीत सरळ चांगलं. कागदाच्या कडेला हातभर बांध घातला आणि फवारणीचा पंप तिथे धुतला नाही, तर त्या माशाबद्दल वरचे निम्मे परिच्छेद लागूच होत नाहीत.

म्हणून आता मी वजनाच्या आधी विचारतो, "कुठल्या पाण्याचा?" बाईने वर न बघता सांगितलं, "धरनाचा हाय भाऊ, सकायी जिता व्हता." धरण कोणतं, ते तिने नाव घेऊन सांगितलं, ठेका कुणाच्या संस्थेकडे तेही. मग विळा थांबवून तिनेच विचारलं, "तुमी औषिधाचं इचारता का? नाल्याचे म्या घेतच नायी. फवारनीच्या दिवसात तर पोरं घिऊन येतात फुकट, तरी नायी." तिने कल्ले उपसले, पेटीतली चरबी बोटाने ओढून काढली, आणि न विचारता गाबोळी वेगळ्या पिशवीत बांधून माझ्या हातात दिली.